बेरीज दहाच आली पाहिजे

फुटबॉलचा संघ लागोपाठ हरू लागला की समंजस प्रशिक्षकाने आधी एक पांढरा फळा मागवावा आणि त्यावर लोहचुंबकाची बटणे सरकवत मधली फळी मांडून बघावी. चांगला खेळाडू हवा असेल तर मालकापुढे पदर पसरावा लागतो. बटण बोटाने सरकते. शिवाय ‘आमचा अमुक पळतच नाही’ असे पत्रकारांना सांगितले तर ड्रेसिंग रूममध्ये तोंड दाखवायची सोय राहत नाही. ‘आमची मांडणी अजून बसायची आहे’ असे म्हटले की कोणाचेच मन दुखत नाही.

ही मांडणी, म्हणजे फॉर्मेशन, आकड्यांत लिहितात. नियम एकच. बेरीज दहा आली पाहिजे. पहिला आकडा बचावाचा, शेवटचा आघाडीचा, मधले सगळे मधल्या फळीचे. गोलरक्षक या हिशेबात धरत नाहीत. त्याची आठवण गोल झाल्यावर होते. मधल्या आकड्याचे जितके तुकडे पाडाल तितके आपण विद्वान ठराल. ४-४-२ वाला हरला तर जुनाट म्हणून हरतो, ४-१-२-१-२ वाला हरला तर काळाच्या पुढे असल्यामुळे.

या शास्त्रातला आदर्श धडा इंग्लंडने घालून दिला आहे. त्यांच्याकडे स्टीव्हन जेरार्ड आणि फ्रँक लॅम्पार्ड हे दोन मध्यरक्षक होते. दोघेही अव्वल, दोघांनाही पुढे धावून गोल करायची हौस. एक पुढे गेला तर मागे कोण, हा प्रश्न उरायचा. साधी अक्कल म्हणते, एकाला बाकावर बसवा. साध्या अकलेचे कधीही ऐकू नये, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांना तोंड तिला द्यावे लागत नाही. दोघांनाही खेळवावे आणि तिसऱ्यालाच हलवावे. म्हणून २००४ च्या युरो स्पर्धेत पॉल स्कोल्स हा मधोमध खेळणारा माणूस डाव्या बगलेला गेला. त्याच ऑगस्टमध्ये त्याने आंतरराष्ट्रीय फुटबॉलच सोडले. कारण त्याने कुटुंबाचे सांगितले, पण मधली गर्दी कमी झाली हे खरेच.

पुढे इंग्लंडचे प्रशिक्षक स्टीव्ह मॅक्लॅरेन यांनी ११ ऑक्टोबर २००६ रोजी झाग्रेबमध्ये क्रोएशियाविरुद्ध ३-५-२ काढले. मधल्या फळीत पाच! इंग्लंड ०-२ हरले. दुसरा गोल तर इंग्लंडनेच केला: गॅरी नेव्हिलने साधा पास मागे दिला, चेंडू ऐन वेळी उसळला आणि गोलरक्षक पॉल रॉबिन्सनने हवेला लाथ मारली. मैदानातल्या उंचवट्यासाठी फळ्यावर बटण नसते.

वर्षभराने, २१ नोव्हेंबर २००७ रोजी, तोच क्रोएशिया वेम्बलीत आला. युरो गाठायला इंग्लंडला बरोबरी पुरेशी होती, म्हणून या वेळी ४-५-१; जेरार्ड, लॅम्पार्ड आणि राखणीला गॅरेथ बॅरी. चौदा मिनिटांत ०-२. त्यातला पहिला गोल लांबूनच मारलेला होता आणि तो निसटला गोलरक्षक स्कॉट कार्सनच्या हातून. म्हणजे ज्याला आपण दहात धरलेच नव्हते त्याच्याच. मध्यंतराला बॅरीला काढून दुसरा आघाडीवीर आणला, दोन गोल फेडले, आणि ७७ व्या मिनिटाला तिसरा खाल्ला. पावसात मॅक्लॅरेन रेषेजवळ छत्री धरून उभे होते. दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. वर्तमानपत्रांनी फॉर्मेशनपेक्षा छत्रीवरच अधिक लिहिले, तेव्हा त्या बाबतीतही आधी विचार करून ठेवावा.

फॉर्मेशन बदलून संघ सावरल्याची उदाहरणे आहेत, हे लपवून उपयोग नाही. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला आणि ऑक्टोबरात आर्सेनलने न्यूकॅसलकडून सात गोल खाल्ले. आर्सेनलचे प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन यांनी मधला हाफ मागे बचावात ओढला, आणि त्याने सोडलेली जागा भरायला आघाडीतला एक जण खाली आणला. हा मान मिळाला तिसऱ्या संघातल्या अँडी नीलला. पायाने मंद, पण डोके शाबूत आणि चेंडू ताब्यात. पुढचाच सामना आर्सेनलने ४-० जिंकला. आदल्या वर्षी विसावा असलेला संघ त्या हंगामात दुसरा आला. पण यात चॅपमन यांनी आकड्यांआधी माणूस शोधला. मार्गदर्शनाच्या दृष्टीने हा सरळसरळ नियमभंग आहे.

आणि तो माणूस सहसा दिसायला किरकोळ असतो. दुसऱ्याचा चेंडू हिसकावतो, तिसऱ्याला देतो, टाळ्या चौथ्याला. फळ्यावर त्याचे बटण इतरांएवढेच असते, म्हणून तो विकायलाही सोपा. रेआल माद्रिदने २००३ च्या उन्हाळ्यात डेव्हिड बेकहॅमला आणले आणि चेंडू हिसकावणाऱ्या क्लोद माकेलेलेला चेल्सीला जाऊ दिले. पुढचे तीन हंगाम स्पॅनिश लीग त्यांच्या हाती लागली नाही.

हे अपवाद वाटत असतील तर लेस्टर बघा. २०१४-१५ मध्ये चौदावे. पुढच्या वर्षी प्रशिक्षक क्लाउडिओ रानिएरी यांनी आजोबांच्या काळातले ४-४-२ खेळवले, मध्ये नवा आलेला एन्गोलो कांते धावत राहिला, आणि लेस्टर इंग्लंडचे विजेते झाले. २०१६ मध्ये कांते चेल्सीला गेला. त्या हंगामात चेल्सी विजेते, लेस्टर बारावे. रानिएरींना फेब्रुवारीतच नारळ मिळाला होता.