दरी आधी उतरवते

सिंहगड असो की हरिश्चंद्रगड, सह्याद्रीचा एक नियम आपल्या पायांना पाठ आहे. आधी चढायचं. दम लागला की बसायचं, फारच लागला की मागे फिरायचं. परतीची वाट उताराची, त्यामुळे थकलेला माणूसही गावात पोचतो.

अॅरिझोनातल्या ग्रँड कॅन्यनमध्ये हा नियम उलटा होतो. माणसं फसतात ती इथंच.

दक्षिण कडा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,100 मीटरवर. कोलोरॅडो नदी त्याच्या जवळजवळ दीड किलोमीटर खाली. सकाळी कड्यावर गार वारा, ताजे पाय, ब्राइट एंजल या पायवाटेची वळणावळणांची उतरण. तासाभरात किती खाली आलो ते कळत नाही. कळतं वळल्यावर. उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा, असं तिथले रेंजर सांगतात.

आणि तोवर दुपार झालेली असते.

दरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे सावली आणि ओढा येतो. इथं जितकं खाली जाल तितकं जास्त भाजतं. उन्हाळ्यात तळाशी पारा चाळिशी सहज ओलांडतो. सकाळी दहा ते दुपारी चार चालू नका, एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येऊ नका, हे उद्यान प्रशासन कानीकपाळी ओरडून सांगतं. पाटी वाचूनही माणसं उतरतातच.

आपली मंडळीही त्यात असतात. मे-जूनमध्ये मुलाकडे गेलेले आई-बाबा, लास वेगासला जोडून काढलेली कॅन्यनची सहल. ‘बाबा, जरा खाली जाऊन येऊ.’ बाबा साठीपलीकडचे, रक्तदाबाची गोळी चालू, हातात अर्ध्या लिटरची बाटली. अरे, जेजुरीच्या पायऱ्या चढवताना बापाला दहादा विचारतोस ना? मग इथं का नाही?

‘पण घाम तर येतच नाही!’

येतो. कोरडी हवा तो अंगावर टिकू देत नाही. कोकणात सदरा भिजतो, लगेच समजतं. इथं सदरा कोरडाच, फक्त पिशवीच्या पट्ट्याखाली मिठाची पांढरी रेघ उमटते. ती दिसली की सावली गाठा.

मग नुसतं पाणी ढोसत सुटायचं? तेही नाही. घामातून मीठ जातं, वरून पाणीच पाणी ओतलं की रक्तातलं उरलेलं मीठ पातळ होतं. मळमळ, उलट्या, मग भ्रम. पाण्याबरोबर खारं खायलाच हवं. पुण्याहून आणलेला चिवडा आणि चकल्या हॉटेलच्या खोलीत काय करताहेत?

उन्हातून वाचलात, तर पूर आहे.

वाळवंटात बुडून मरण? होय. जुलै-ऑगस्टमध्ये तिथं वादळी पाऊस येतो आणि लोक त्याला मॉन्सूनच म्हणतात. 12 ऑगस्ट 1997 रोजी नावाहो आदिवासींच्या भूमीवरच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता कित्येक मैल दूर. तंबूसाठी सपाट, मऊ वाळूची जागा मोहात पाडते. ती बहुतेकदा कोरडा ओढा असते. तिथं तंबू ठोकू नका.

आणि कुठे निघालात ते कुणाला तरी सांगा. एप्रिल 2003 मध्ये युटातल्या ब्लूजॉन कॅन्यनमध्ये अॅरन राल्स्टनचा हात निसटलेल्या दगडाखाली अडकला. 127 तासांनी स्वतःचाच हात कापून तो सुटला. निघताना त्यानं बेत कुणालाही सांगितला नव्हता. त्यावरचा सिनेमा रहमानच्या संगीतासाठी आपण पाहिला. सांगून निघायचं एवढं मात्र त्यातून घेतलं नाही.

जाता जाता पायाखाली बघा. युटातल्याच मोआब गावाच्या आसपास वाळूवर काळपट, खडबडीत साय धरलेली दिसते. ती जिवंत आहे. सूक्ष्मजीवांच्या धाग्यांनी वाळूचे कण बांधून ठेवलेले असतात, म्हणून ती वाऱ्यानं उडत नाही. एका फोटोसाठी वाट सोडून टाकलेलं एक पाऊल ती मोडतं. भरून यायला अनेक वर्षं, कधी दशकं लागतात. फोटो वाटेवरूनही येतो.

जायचं नाही का? जरूर जा. पहाटेच्या उजेडात त्या दगडांचे थर लाल होताना बघायला आई-बाबांना नक्की न्या. फक्त पहाटेच निघा, पाणी आणि खारं बरोबर घ्या, आणि घड्याळात गजर लावा. अर्धा तास उतरा. गजर वाजला की, कितीही सोपं वाटलं तरी, तिथूनच वळा.

वर यायला तास लागेल.