टोचणीसह घरपोच

ही मार्गदर्शिका सर्वांसाठी नाही. जे ऑनलाइन काहीच मागवत नाहीत त्यांनी खुशाल पान उलटावे. जे मागवतात आणि ज्यांना त्याचे काडीइतकेही वाईट वाटत नाही, त्यांनाही आमचा उपयोग नाही. प्रश्न मधल्यांचा आहे. मधला माणूस सुशिक्षित असतो. कोपऱ्यावरचा वाणी का बुडतो, पार्सल आणणारा पोरगा दिवसाला किती जिने चढतो, पुठ्ठ्याचे आणि प्लॅस्टिकचे पुढे काय होते, हे सगळे तो जेवता जेवता दुसऱ्याला नीट समजावून सांगू शकतो. सांगून झाले की हात धुतो आणि भांडी घासायच्या घासण्या मागवतो. सहाचा पॅक, सवलतीत. अशा माणसाच्या मनाला लागणारी टोचणी प्रमाणात कशी राखावी, एवढाच इथे विषय आहे. ती कमी पडली तर चारचौघांत बरे दिसत नाही. जास्त झाली तर चप्पल घालून खाली उतरावे लागते.

पहिला नियम असा, की टोचणी नेहमी खरेदीनंतर लावून घ्यावी, आधी नाही. याची व्यवस्था कंपन्यांनी फार पूर्वीच करून ठेवली आहे. एका क्लिकमध्ये खरेदी उरकण्याच्या युक्तीवर अ‍ॅमेझॉनने १९९९ मध्ये अमेरिकेत चक्क पेटंट मिळवले. पत्ता ठाऊक, कार्ड ठाऊक, ग्राहकाने फक्त बटण दाबायचे. ‘घ्यावे का?’ आणि ‘घेतले’ यांच्या मध्ये पूर्वी जी चिंचोळी जागा होती, तिथे सदसद्विवेक खुर्ची टाकून बसत असे. ती खुर्चीच उचलली. पेटंटची मुदत २०१७ मध्ये संपली. आपल्याकडचे गिऱ्हाईक मुळात संशयी, म्हणून फ्लिपकार्टने २०१० मध्ये ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ आणली: आधी वस्तू दारात, मग पैसे. त्या काळात सुट्ट्यासाठी देवघरातल्या डबीपासून शर्टांच्या खिशांपर्यंत शोधाशोध व्हायची, आतून सासूबाई ‘आता काय मागवलंस?’ म्हणून विचारायच्या, आणि टोचणी वेळेआधीच लागायचा धोका असायचा. यूपीआय आल्यापासून तोही टळला.

टोचणी लागल्यावर पुढे काय करायचे, याचाही वस्तुपाठ उपलब्ध आहे. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने पहिला ‘बिग बिलियन डे’ केला. साइट कोलमडली, माल बघता बघता संपला, सेलच्या तोंडावर किमती चढवल्याच्या तक्रारी झाल्या. दुसऱ्याच दिवशी संस्थापकांनी ग्राहकांना पत्र लिहून माफी मागितली. आणि पुढच्या वर्षी सेल एका दिवसाऐवजी पाच दिवसांचा केला. अभ्यासूंनी हा क्रम नीट लक्षात ठेवावा. माफीत खोटेपणा असलाच पाहिजे असे नाही. मनापासून मागितलेली माफी उलट जास्त दिवस पुरते.

आता टोचणीचे प्रकार. त्यांत वाण्याची, म्हणजे एकूणच खालच्या दुकानदाराची टोचणी सर्वांत चिवट, कारण तो माणूस रोज दिसतो.

समजा, कुकरची रिंग सैल झाली आहे. इमारतीच्या खालीच भांड्यांचे दुकान आहे. दुकानदार विचारणार, ‘कुठला कुकर? तीन लिटर की पाच? झाकण आतलं की बाहेरचं?’ मग आकड्याच्या काठीने वर टांगलेल्या रिंगांच्या माळेतून एक रिंग उतरवून देणार आणि वर म्हणणार, ‘नाही बसली तर घेऊन या, बदलून देतो.’ एवढी कटकट कोणाला हवी? म्हणून आपण रिंग मागवतो. ती परवा येते, बुटांचा जोड मावेल एवढ्या खोक्यातून. सेलोटेप कापायला सुरी, आत चुरगळलेला खाकी कागद, त्याखाली हवेच्या पिशव्या, त्यांच्याखाली एक प्लॅस्टिकचे पाकीट, पाकिटात अजून एक पाकीट, आणि त्यात रिंग. रिंग साडेसहा लिटरच्या कुकरची असते. परत पाठवताना कारण निवडावे लागते. ‘वस्तू सदोष’ आहे, ‘चुकीची वस्तू आली’ आहे, ‘आता गरज नाही’ आहे. ‘झाकण आतले की बाहेरचे हे मला कोणी विचारलेच नाही’ असा पर्याय त्या यादीत नसतो. तोवर डाळ शिजायची राहिलेली असते. अखेर खाली जावेच लागते. ‘बऱ्याच दिवसांनी?’ असे दुकानदार विचारील. यावर ‘गावाला गेलो होतो’ हे उत्तर सर्वमान्य आहे. वर्षातून किती वेळा गावाला जावे याला अजून तरी मर्यादा घातलेली नाही.

एरवी दुकानावरून जाताना फोन कानाला लावून जावे. पलीकडे कोणी असण्याची गरज नाही. हातात पार्सल असेल तर ते दुकानाच्या विरुद्ध बाजूच्या काखेत धरावे. महिन्यातून एकदा प्रायश्चित्ताची खरेदी करावी: काडेपेटी, हिंगाची डबी, फार तर शंभर ग्रॅम मोहरी. या खरेदीला पाचशेची नोट काढू नये. सुट्टे देता देता तो माणूस आपल्या तोंडाकडे बघतो. पावसाळ्यात ऑनलाइनवाल्यांची गाडी अडकून पडली म्हणजे मात्र त्याच्याकडे हक्काने जावे आणि ‘दूध ठेवा हं आमचं’ असे सांगून यावे.

ही टोचणी हल्ली जरा गुंतागुंतीची झाली आहे, कारण कंपन्यांनी वाण्यालाही कामाला लावले आहे. अ‍ॅमेझॉनची ‘आय हॅव स्पेस’ नावाची योजनाच आहे; तीत गल्लीतला दुकानदार फावल्या वेळात आसपासच्या घरांची पार्सले पोचवतो. म्हणजे ज्याच्याकडून साबण घ्यायचा सोडला, तोच साबण घेऊन दारात उभा. अशा वेळी ओटीपी सांगताना आवाज खाली ठेवावा आणि तब्येतीची चौकशी करावी. काही जण अशा प्रसंगी ‘चला, तुम्हालाही चार पैसे मिळाले’ असे म्हणतात. ते म्हणू नये. खरे असले तरी.

स्वदेशीची टोचणी लागत असल्यास ती लवकर उरकते. काही जण विदेशी कंपनी नको म्हणून फ्लिपकार्टकडे वळतात. तिचे दोन्ही संस्थापक आधी अ‍ॅमेझॉनमध्ये नोकरीला होते आणि २०१८ मध्ये वॉलमार्टने सोळा अब्ज डॉलर मोजून तिचा ७७ टक्के हिस्सा घेतला. हे कळल्यावरही मन शांत होत नसेल तर वस्तूच्या माहितीत ती कुठल्या देशात बनली ते लिहिलेले असते, तिथवर बोट सरकवत जावे. बहुधा तिथे पोचेपर्यंत खरेदी होऊन गेलेली असते.

या कामी सरकारचीही थोडी मदत झाली आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात ग्राहकाला गंडवण्याचे तेरा प्रकार नावानिशी दिले आहेत. ‘फक्त दोनच उरले’ अशी खोटी घाई करणे त्यात आहे, न विचारता टोपलीत धर्मादाय देणगी सरकवणे आहे, आणि ग्राहकाला लाजवणेही आहे. विमानाचे तिकीट काढताना विमा नको म्हणणाऱ्याला ‘मी असुरक्षितच राहीन’ असल्या बटणावर बोट ठेवायला लावणे, हे त्याचे त्यांनीच दिलेले उदाहरण. तेव्हा न घेतल्याबद्दल लाज आणण्याची कंपनीला आता मुभा नाही. घेतल्याबद्दलची लाज ज्याची त्याने आणायची आहे. ते खाते सरकारने खाजगी ठेवले आहे.

पार्सल आणणाऱ्या पोराची टोचणी थोडक्यात सांगतो, कारण ती थोडकाच वेळ टिकते: बेल वाजल्यापासून दार लावेपर्यंत. भर दुपारी तो दारात उभा असतो. पाठीवरची पिशवी त्याच्या डोक्याच्याही वर गेलेली, एका हातात खोके, दुसऱ्या हातातल्या फोनच्या तडकलेल्या काचेवर तो अंगठ्याने आकडे दाबतो. ‘पाणी हवं का दादा?’ हे विचारायचे असते. ते तो वळल्यावर विचारले की तो ‘नको’ म्हणतो आणि विचारल्याचे समाधान पूर्ण मिळते. पाच तारे जरूर द्यावेत. ते फुकट असतात. पुष्कळ सोसायट्यांत डिलिव्हरीवाल्यांनी पुढची लिफ्ट वापरू नये अशी पाटी आहे. ज्या सभेत तो ठराव झाला तिथे आपण हात वर केला होता का, हे आठवायच्या भानगडीत पडू नये. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी कायदा केला, देशातला पहिलाच. ती बातमी ‘असं सगळीकडे झालं पाहिजे’ असे लिहून पुढे पाठवावी. पाठवताना वर ‘तुमची ऑर्डर चार घरे अलीकडे आहे’ असे आले तर दोन्ही कामे साधतात.

खोक्यांच्या बाबतीत मराठी घराला शिकवण्यासारखे फारसे काही नाही. चांगले खोके टाकवत नाही हा आपला पिढीजात गुण आहे, आणि ‘घर बदलताना लागतील’ हे कारण स्वतःच्या मालकीच्या घरातही चालते. माळा भरला की पलंगाखाली ठेवावीत. रद्दीवाल्याला देताना नावाचे लेबल फाडून घ्यावे. त्याने गुप्तता राखली जाते असे वर्तमानपत्रात छापून येते. खरा फायदा असा, की वॉचमनला मोजता येत नाहीत. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी झाली तेव्हा घरोघर कापडी पिशव्या आल्या. त्या दारामागच्या खुंटीवर आहेत, अजून नव्यासारख्या.

घरच्यांना हिशेब देताना किंमत सांगू नये, बचत सांगावी. ‘अकराशेला घेतलं’ हे वाक्य भांडणाला निमंत्रण आहे. ‘चौदाशे वाचले’ यावर काही बोलता येत नाही. टोपलीत ४३० रुपयांची वस्तू आहे आणि ४९९ च्या वर डिलिव्हरी फुकट आहे, अशा वेळी ४० रुपये वाचवण्यासाठी १४९ रुपयांचे मोबाइल ठेवायचे स्टँड घेणे यालाच काटकसर म्हणतात. घरात असली स्टँडे तीन झाली की एक पाहुण्यांना द्यावे. ‘नो कॉस्ट ईएमआय’बद्दल घरात प्रश्न आलाच तर सांगावे की व्याज सवलत म्हणून आधीच वजा केलेले असते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र आपण भरतो, हे विचारल्याशिवाय सांगू नये. आणि शेवटचा उपाय म्हणजे ‘आवडलं नाही तर परत करू’. या वाक्याने निम्मी खरेदी पार पडते. कुर्ता तीन मापांत मागवावा आणि दोन परत पाठवावेत. त्यासाठी तोच पोरगा तोच जिना पुन्हा चढतो, पण त्याबद्दलचे तारे वेगळे देता येतात.

काही वाचकांना एवढ्यानेही चैन पडत नाही आणि ते सुधारण्याच्या गोष्टी करू लागतात. त्यांनी मुंबई ग्राहक पंचायतीपासून दूर राहावे. ही संस्था १९७५ पासून आहे. शेजारपाजारच्या घरांनी गट करायचा, महिन्याच्या सामानाची यादी आधी भरून द्यायची, माल एकाच्या घरी उतरतो आणि सगळ्यांनी मिळून तो वाटून न्यायचा. घाऊक खरेदी, चांगला माल, रास्त भाव, मधला दलाल नाही. तोटे उघड आहेत. महिनाभराने आपल्याला काय लागणार हे आज सांगावे लागते. वाटपाच्या दिवशी शेजारच्या काकूंबरोबर सतरंजीवर बसून गूळ आणि शेंगदाणे वेगळे करावे लागतात. रात्री अकरा वाजता अंथरुणात पडल्या पडल्या तिथून लिंबू पिळायचे यंत्र मागवता येत नाही. आणि मुख्य म्हणजे टोचणी लागतच नाही. तेव्हा हा संपूर्ण लेखच वाया जातो.

खालचे दुकान बंद झाल्यास काय करावे, असे पुष्कळ जण विचारतात. सोसायटीच्या ग्रुपवर बंद शटरचा फोटो टाकावा, त्याखाली ‘काका किती प्रेमाने बोलायचे!’ असे लिहावे आणि हात जोडलेली दोन चिन्हे जोडावीत. काका गेलेले नसून गावी गेले आहेत हे कोणीतरी सांगेल. तेव्हा चिन्ह बदलावे. गाळ्यात पुढे दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्यांचे कोठार येण्याचा संभव आहे. त्याला पाटी नसते, शटर अर्धे खाली असते आणि बाहेर मोटारसायकली उभ्या असतात. रात्री त्यांच्या आवाजाचा आपल्याला त्रास होत असल्यास तक्रार अर्जाचा नमुना सेक्रेटरींकडे मिळेल. अर्जाला लागणारे कागद आणि स्टेपलर घरात नसल्यास मागवून घ्यावेत.