आईचा गुडघा आणि कनवटीची सुपारी

न्यू जर्सी

ती. अण्णांस,


आईने फोनवर तुम्हाला 'माझा गुडघा पकडला' एवढंच सांगितलं आणि तेव्हापासून बोर्लीत नाही नाही त्या वार्ता उठल्यात म्हणे. म्हणून सविस्तर लिहिते. मे महिन्यात तुम्हालाही त्याच दारातून यायचंय.

मुंबईला विमानतळावर आई धातू शोधणाऱ्या दारातून गेली आणि दार केकाटलं. तिने लगेच धातूच्या गुडघ्याची डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. चिठ्ठी पाहून कुणी सोडत नाही, अण्णा. पडद्याआड पोलीस बाईंनी दांडकं फिरवलं, ते गुडघ्यापाशी पुन्हा ओरडलं. मग हाताने चाचपताना कमरेशी गाठ लागली. "हे काय?" "सुपारी. आमच्या वाडीतली, रोठा. देऊ?" दार आणि दांडकं दोघंही सुपारीबद्दल गप्प होते; कळलं ते बाईंच्या बोटांना.

पुढे आम्ही सॅन फ्रान्सिस्कोला गेलो तेव्हा नेमकं उलटं. इथे काचेच्या खोक्यात हात वर करून उभं राहायचं. ते यंत्र कपड्यांच्या आतून कातडीपर्यंत बघतं, कातडीच्या आत नाही. त्यामुळे गुडघा बिनबोभाट पास, आणि पडद्यावरच्या बाहुलीच्या कमरेवर पिवळे चौकोन! एक सुपारीचा, दुसरा निऱ्यांचा. नऊवारी नेसली असती तर बाहुली अख्खी पिवळी झाली असती.

तुमचा सिद्धांत मात्र चुकतोय. हे दार म्हणजे लोहचुंबक, सोन्याला काय करणार, असं तुम्ही पारावर सांगता. दारात तारेची वेटोळी असतात. त्यांतून विजेचे झटके सोडले की आत आलेल्या धातूतही वीज फिरते आणि तीच दाराला कळते. वीज वाहणारा कुठलाही धातू चालतो. दिवेआगरला 1997 साली बागेत तांब्याची पेटी निघाली ना, तिथे आधी असलंच वेटोळ्याचं यंत्र फिरवलं असतं तर ते पेटीवर नक्की ओरडलं असतं. आत सोन्याचा गणपती आहे की जुनी घंगाळी, हे मात्र त्याच्या बापालाही कळलं नसतं. नाकातली चमकी, दातातली चांदी सहसा सुटते, एवढ्या बारीकसारीक गोष्टींसाठी ते लावलेलंच नसतं.

पण धातू नाही ते त्याला दिसतच नाही. शेखाडीचं तुम्हाला सांगायला नको. 1993 साली तिथे चोरून उतरवलेलं आरडीएक्स हे स्फोटक नुसतं या दारातून नेलं असतं तर दाराने हूं की चूं केलं नसतं. म्हणून तर बॅगेला एक्स-रे, कुत्रे आणि हाताने तपासणी.

तेव्हा आता ऐका. सुकं खोबरं अजिबात नको, बॅगेतही नाही नि खांद्यावरच्या पिशवीतही नाही. तेलामुळे ते आपोआप तापतं म्हणून विमानाच्या नियमात धोकादायक मालात बसतं. लोणचं मोठ्या बॅगेत, पिशवीत पिशवी घालून. हापूस लपवून आणू नका, इथल्या विमानतळावर बीगल कुत्रे फळं हुंगत फिरतात आणि दंड डॉलरमध्ये असतो. पितळी बक्कलाचा पट्टा घरी ठेवा. नाडीचा लेंगा घाला, त्यावर कुणाचा आक्षेप नाही. आणि रांगेत 'बॉम्ब' हा शब्द चेष्टेतही उच्चारू नका, तुमचा स्वभाव माहीत आहे म्हणून सांगते.

ऐन उन्हाळ्यात वाडीचं शिंपणं कुणावर सोपवलंत ते उलट टपाली कळवा. आई रोज विचारते.

तुमची,
बेबी