मनीचा पलंग : नवशिक्या सुतारांसाठी

ज्यांनी आजवर खिळा फक्त कॅलेंडर टांगण्यापुरता ठोकला, आणि तोही वाकडा, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. घरी मांजर नसलेल्यांनीही ती वाचायला हरकत नाही. पलंग तयार होईपर्यंत एखादं येऊन बसेलच.

काम सोपं आहे. सुतारकाम एका दुपारचं, बाकीचा वेळ मांजराला फळीवरून उचलून बाजूला ठेवण्याचा. हा दुसरा वेळ अंदाजपत्रकात आधीच धरावा, म्हणजे मागाहून घरच्यांना तोंड देताना सोपं जातं.

मांजरासाठी फर्निचर करणारे तुम्ही काही पहिले नाही. तेहतीसशे वर्षांहून आधी इजिप्तचा राजा तिसरा आमेनहोतेप याचा थोरला मुलगा थुतमोस याने आपल्या ता-मिऊ नावाच्या मांजरीसाठी चुनखडीच्या दगडाची कोरीव पेटी करवून घेतली. तिच्यावर मांजर ऐटीत बसलेलं आहे आणि पुढ्यात नैवेद्याने भरलेलं मेज आहे. मालकाने करून दिलेल्या फर्निचरमध्ये मांजर मुकाट्याने राहिल्याचं इतकं जुनं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. मात्र ती शवपेटी होती. जपानात निक्कोच्या तोशोगू देवस्थानात एका दारावर लाकडात कोरलेलं झोपलेलं मांजर आहे. हिदारी जिंगोरो नावाच्या कारागिराचं काम म्हणून ते दाखवतात. लाकूड आणि झोपलेलं मांजर एकत्र हमखास पाहायचं असेल, तर तिथे जावं. घरी खात्री देता येत नाही.

आधी माप. साधारण घरगुती मांजर नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत दीड फूट, शेपूट वेगळं फूटभर, वजन चार-पाच किलो. हे पुस्तकातलं मांजर. तुमचं मांजर टेप पाहताच एकतर टेपवर झडप घालील किंवा पलंगाखाली, म्हणजे तुमच्या पलंगाखाली, जाऊन बसेल. झोपेत मोजायला गेलात तर एक डोळा उघडून असं पाहील की मोजणाऱ्याला आपल्या शिक्षणाची लाज वाटावी. शिवाय अंगाचं मुटकुळं केलेलं मांजर जेमतेम सव्वा फुटात मावतं आणि उन्हाळ्यात तेच मांजर फरशीवर दोन फूट पसरतं. म्हणून मांजर मोजूच नका. ते सध्या ज्या खोक्यात झोपतं ते खोकं मोजा. खोकं हलत नाही आणि अपमानही करत नाही. समजा ते आतून अठरा इंच लांब आणि साडेचौदा रुंद भरलं. मग पलंग त्याहून थोडा मोठा करू.

इथे सुतारांची भाषा शिकून घ्यावी. एका इंचाचे आठ सूत. पाऊण इंच म्हणजे सहा सूत. दुकानात ‘एकोणीस मिलिमीटर’ म्हणालात तर दुकानदाराला समजतं; ‘सहा सूत’ म्हणालात तर तो खुर्ची पुढे करतो. आपल्याला चार इंच रुंद आणि सहा सूत जाड अशा फळ्या लागतील : लांब बाजूंसाठी वीस इंची दोन, आखूड बाजूंसाठी पंधरा इंची दोन. आखूड फळ्या लांब फळ्यांच्या मध्ये बसतात. त्यामुळे बाहेरची लांबी वीस इंच असली तरी आतली वीस राहत नाही. दोन्हीकडच्या जाडीत बारा सूत गेले, उरले साडेअठरा इंच. नवशिक्याचा हा दीड इंच नेहमी हरवतो आणि गादी शिवून झाल्यावर सापडतो.

पुढची लांब फळी मध्यभागी आठेक इंच निम्म्यापर्यंत उतरवा. हे दार. तरुण मांजर त्याचा वापर करणार नाही, ते मागच्या बाजूने उडी मारून येईल. पण मांजर म्हातारं होतं आणि सांधे त्याचेही दुखतात. पाय दीड इंची चौरस, आठ इंच उंच, लांब फळ्यांना बाहेरून, वरच्या कडेशी सपाट जोडायचे. म्हणजे पलंग जमिनीपासून चार इंच वर राहतो आणि खालून केरसुणी फिरते. तळाला दोन इंची सात पट्ट्या. साडेअठरातून चौदा गेले, उरलेले साडेचार इंच आठ फटींत वाटले की प्रत्येकीच्या वाट्याला साडेचार सूत येतात. भागाकार इतका बिनबाकी सुटणं ही सुतारकामात दुर्मीळ घटना आहे. तिचा आनंद घ्यायला थोडं थांबावं.

आता हा आराखडा खडूने जमिनीवर काढा. मांजर येऊन त्यात बसेल.

हा योगायोग नव्हे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मांजर पाळणाऱ्यांनी घरोघरी जमिनीवर कागदी आकृत्या चिकटवल्या. काही खऱ्या चौकोनाच्या, काही नुसता चौकोन भासावा अशा. मांजरं भासमान चौकोनातही खऱ्याइतक्याच आवडीने बसली. अभ्यासात ५६१ मांजरं आणि त्यांचे मालक नोंदले होते, सगळ्या चाचण्या पुऱ्या केल्या तीसजणांनी, आणि आकृतीत प्रत्यक्ष बसली ती नऊ मांजरं. मांजरांच्या कोणत्याही कामात हजेरीचं प्रमाण साधारण असंच असतं. तात्पर्य, मांजराला पलंगाच्या बाजू, तळ, पाय यांतलं काहीही लागत नाही. चौकोनाची शंका पुरते. पण लाकडाचा पलंग तुम्हाला हवा आहे, तेव्हा पुढे चला.

लाकूड. पुण्यात असाल तर भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आहे. हत्यारं बोहरी आळीत नवी मिळतात, आणि बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जुनी. जुनी करवत घेतलीत तर आधी धार लावून घ्या. सागवानाकडे बघायचं, हात फिरवायचा आणि भाव ऐकून पुढे जायचं. मांजराला सागवान कळत नाही. शेजाऱ्यांना कळतं, पण ते त्यात झोपणार नाहीत. आपल्याला परदेशी मालाच्या खोक्यांचं पाइन पुरतं. मात्र त्यावरचा शिक्का पाहून घ्या. एका चौकटीत गव्हाच्या लोंबीचं चिन्ह असतं आणि शेजारी अक्षरं. ‘एचटी’ म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान अर्धा तास तापवलेलं. ते घ्यावं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ते तिथेच ठेवावं. शिक्काच नसेल किंवा फळीला तेलाचे, रसायनांचे डाग असतील, तर फुकट मिळालं तरी नको.

वखारीतले मिस्त्री “कशाला पायजे?” विचारतील. “मांजराच्या पलंगाला” असं खरं सांगितलंत तर ते काही बोलणार नाहीत, फक्त आतल्या माणसाला हाक मारून तुमच्याकडे बोट दाखवतील. “देवघरापुढच्या चौरंगाला” म्हणावं. मांजर हे षष्ठीदेवीचं वाहन आहे, त्यामुळे अगदीच खोटं बोलल्याचं पाप लागत नाही.

कापताना करवत पेन्सिलीच्या रेषेवर चालवू नये. ती रेषेला लागून टाकाऊ तुकड्याच्या बाजूने चालली पाहिजे, नाहीतर प्रत्येक तुकडा सूतभर आखूड निघतो. धार चांगली असेल तर जोर लागत नाही. जोर लागत असेल तर धार नाही. कापण्याआधी मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवून दार लावा. दाराखालून एक पंजा बाहेर येईल आणि काहीतरी शोधत राहील. दुर्लक्ष करा. ओरडण्याने विरघळून दार उघडलंत, तर ते थेट येऊन कापायच्या रेषेवर बसेल. अठरा इंच मोकळी फळी सोडून रेषेवरच.

जोडण्याआधी सगळे तुकडे नुसते मांडून पाहावेत. गुण्या नसेल तर चौकट काटकोनात आहे की नाही हे तिरक्या मापाने कळतं : एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत बाहेरून जवळजवळ २६ इंच भरायला हवेत आणि दुसरा तिरकाही तेवढाच. दोन्ही सारखे नसतील तर चौकट कललेली आहे. लांब तिरक्याचे दोन कोपरे धरून दाबलं की जागेवर येते. खिळा फळीच्या टोकाजवळ ठोकायचा असेल तर आधी त्याचं टोक हातोड्याने थोडं बोथट करून घ्या. अणकुचीदार खिळा पाचर होऊन लाकूड चिरतो, बोथट खिळा वाटेतले तंतू तोडत आत जातो. स्क्रू वापरणार असाल तर आधी बारीक भोक पाडावं आणि आट्यांना अंघोळीचा साबण चोळावा. पायांना स्क्रूच वापरा. सांध्यांत फेव्हिकॉल घालून चौकट सुतळीने आवळा आणि रात्रभर ठेवा. सुतळीचं मोकळं टोक बाहेर सोडू नये. कारण वेगळं सांगायला नको.

पॉलिश पेपर आधी ८० नंबरचा, मग १२०, शेवटी २२०, आणि हात लाकडाच्या रेषेच्या दिशेने. आडवा घासलात तर ओरखडे उठतात. पट्ट्यांच्या कडा गोल करा. सगळीकडे जुना नायलॉनचा मोजा फिरवून पाहावा. जिथे अडकेल तिथे कूस आहे.

आता विनोद थोडा बाजूला ठेवून रंगाबद्दल. मांजराचं यकृत काही रसायनं आपल्यासारखी निकालात काढू शकत नाही, आणि मांजर दिवसभर स्वतःला चाटत असतं. अंगाला लागलेलं सगळं पोटात जातं. म्हणून टर्पेंटाइन नको, निलगिरीचं तेल नको, फिनाइलने पुसणं नको, गादीत डांबरगोळ्या तर मुळीच नकोत. वाळवीचं औषध मारायचा मोह होईल. अशा फवाऱ्यांत पर्मेथ्रिनच्या जातीची औषधं असतात आणि कुत्र्याला सोसणारी त्याची मात्रा मांजराचा जीव घेऊ शकते. कोरडं लाकूड कोरडंच राहू दिलं तर वाळवीला फारसं बोलावणं जात नाही. चकाकी हवीच असेल तर चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ हात द्यावा आणि स्पिरिटचा वास पूर्ण जाईपर्यंत पलंग गॅलरीत ठेवावा. नाहीतर उघडं लाकूड उत्तम. ते नखांनी खराब होणारच आहे, ते आधीच झालं आहे असं समजून चालावं.

गादीला जुन्या सुती साडीची चार पदरी गोधडी. नवी उशी, साटीन, लेस, ‘प्रिन्सेस’ असं भरतकाम, यांतलं काही नको. दोरे आत दडवून शिवा. मांजराने गिळलेला दोरा आतड्यांत अडकतो आणि ते प्रकरण थेट डॉक्टरांच्या टेबलावर जातं. गोधडीखाली तुमचा एक न धुतलेला शर्ट घाला. तुमचा वास मांजराला ओळखीचा असतो. या वासाचं कौतुक घरात इतर कोणी करेल अशी अपेक्षा ठेवू नये.

जागेची निवड सुतारकामाहून महत्त्वाची आहे, आणि नवशिके नेमकं इथे हरतात. ते पलंग दिवाणखान्यात, पाहुण्यांना दिसेल असा मांडतात. मांजराला ३० ते ३८ अंशांची ऊब सुखाची वाटते. आपण पंखा लावतो तिथून त्याची सुरुवात होते. म्हणूनच पूर्वी ते वैलावर नाहीतर चुलीच्या राखेत सापडायचं आणि आता सेट टॉप बॉक्सवर सापडतं. तेव्हा सकाळचं ऊन येणारी, पाठीशी भिंत असलेली, दार नजरेत राहणारी, जरा उंचावरची जागा बघा. वॉशिंग मशीनशेजारी नको, वाळूच्या ट्रेजवळ तर नकोच. तुमची खुर्ची अशा जागी असेल तर ती हलवावी लागेल.

मग वाट बघा. मांजराला उचलून पलंगात ठेवू नये. आपण ठेवलेलं मांजर चौथ्या सेकंदाला उतरतं आणि तो पलंग अपमानाच्या ठिकाणांच्या यादीत जातो. ते आधी कोपरे हुंगेल, गाल घासेल, पायाला नखं लावेल आणि निघून जाईल. ही चांगली चिन्हं आहेत. काही दिवस काहीच घडलं नाही, तर तुमचं जुनं खोकं आठवा. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांना लपायला खोकं दिलं, तर त्यांचा ताण खोकं न मिळालेल्यांपेक्षा लवकर उतरतो. तेव्हा ते खोकं उचला आणि पलंगात ठेवा. माप त्यावरूनच घेतलेलं असल्यामुळे ते नेमकं बसतं. मांजर खोक्यात झोपेल, खोकं पलंगात असेल, आणि पलंग तुम्ही केलेला असेल. फोटो किंचित वरच्या बाजूने काढा.

एवढं करूनही मांजर फिरकलं नाही, तर गोधडी काढून पलंग स्वयंपाकघरात न्या आणि त्यात कांदे भरा. चार इंच उंची, खाली साडेचार सुतांच्या फटी, हवा खेळती. कांदे महिनाभर सडत नाहीत. बटाटे मात्र त्यातच घालू नका, त्यांना लवकर मोड येतात. आणि एक लक्षात ठेवा. कांदा मांजराच्या पोटात गेला तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. त्यामुळे कांदे भरल्याच्या दुसऱ्या दिवशी मांजर त्यांच्यावर झोपलेलं दिसलं, तर कांदे लगेच बाहेर काढा.