अडीचशे किलोमीटर आणि दोनशे गेज

पिरनवाडीच्या फाट्यावर उभं राहिलं की पाऊस कधी येणार हे सांगायला हवामान खातं लागत नाही. जांबोटीकडं काळं झालं की टपरीवाला आधी बाकडं आत ओढतो, मग भजी सोडतो. त्याच रस्त्यानं पुढं कणकुंबी, म्हणजे मलप्रभेचा उगम, आणि मग चोर्ला घाट. तिकडून निघालेला पाऊस आमच्या गावात विचारून येत नाही. अशा गावातला माणूस आषाढात पायी पंढरपूरला जातो म्हणाला, तर पुण्यबिण्य नंतर, आधी डोकं कुठं झाकणार ते ठरवावं लागतं.

दिंडीत गेलं तर ही चिंता नसते. दिंडीचा ट्रक पुढं जातो, राहुट्या ठोकतो, आपण टाळ वाजवत पोचायचं. तंबूची ही सोय तर आमच्याच जिल्ह्यानं पुरवलेली. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची घडी घालून दिली, तेव्हा घोडे आणि तंबू दिले ते अंकलीच्या शितोळे सरकारांनी. आजही माउलींचे अश्व चिकोडी तालुक्यातल्या या अंकलीहून आळंदीला चालत जातात. त्या तंबूचं वजन कुणी विचारलं नसावं. सरदारांच्या घरी सामान स्वतःच्या पाठीवर घ्यायची रीत नव्हती.

पण माझ्या भाच्याला दिंडी नको होती. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळं सरळ वाट त्याला पटत नाही. "मामा, आपण तिघंच. आपलं सामान आपल्या पाठीवर," तो म्हणाला. तिसरे म्हणजे शेजारचे आबा. माळकरी, वय विचारलं की "विठ्ठलाला ठाव" म्हणणारे.

भाच्यानं स्वयंपाकघरातला डिजिटल काटा आणून सोप्यात मांडला. अन्न, पाणी आणि इंधन सोडून बाकी सामान साडेचार किलोच्या आत बसलं तर तो खरा हलका प्रवासी, असा नियम त्यानं वाचून दाखवला. अन्न मोजत नाहीत हे ऐकल्याबरोबर बायकोनं चिवड्याचा डबा, शेंगदाण्याचे लाडू आणि मिरजेच्या नणंदेसाठी दोन किलो कुंदा पिशवीत कोंबला. कायद्यानं तिचं बरोबर होतं.

मग निवाऱ्याची चर्चा सुरू झाली. पहिली आली ती चंदेरी चादर. 1964 साली अमेरिकेच्या नासानं अंतराळासाठी असलं कापड तयार करून घेतलं, प्लास्टिकच्या तलम पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेलं. वजन पन्नास-साठ ग्रॅम. अंगाची उष्णता परत अंगाकडं फेकते. भाच्यानं ती माझ्याभोवती गुंडाळली. थोड्याच वेळात आतून घामाचे थेंब धरले, कारण तिच्यातून वारा जात नाही. बाहेरचा पाऊस चुकवायचा आणि आतल्या पावसात भिजायचं! शिवाय हललं की खडखडाट होतो. आबांनी लांबूनच विचारलं, "ह्याला मिठाईच्या दुकानात ठेवायलायसा काय?"

दुसरा आला पोंचो, म्हणजे अंगात घातला तर रेनकोट आणि काठ्यांवर ताणला तर छप्पर. भाच्याचा सिद्धांत असा, की पाठीवरच्या प्रत्येक वस्तूनं दोन कामं केली पाहिजेत. पण मुसळधार पावसात छप्पर बांधायचं तर आधी अंगातलं छप्पर काढावं लागतं, ही अडचण मला कुणी समजावून दिली नाही. तिसरं होतं सिलिकॉन लावलेल्या नायलॉनचं, तीन बाय तीन मीटर, साडेचारशे ग्रॅम. किंमत ऐकून मी चष्मा काढून पुसला.

भाच्यानं मग शेवटचं हत्यार काढलं. एमा गेटवुड नावाची अमेरिकन आजी, अकरा पोरांची आई, 1955 साली वयाच्या 67 व्या वर्षी ॲपलेशियन पायवाट एकटीनं चालली. तीन हजार किलोमीटरच्या वर. तंबू नाही, पावसासाठी बाथरूमचा प्लास्टिकचा पडदा. बायको तेवढ्यात उठून आमच्या बाथरूमचं दार लावून आली. आबा मात्र गंभीर झाले. "अकरा पोरं म्हटल्यावर चालणं म्हणजे तिला इसावाच की," ते म्हणाले. "आणि पडदा म्हणजे आपला कागदच. मी सांगत होतो काय येगळं?"

आबांचा कागद म्हणजे प्लास्टिकचा. वारीत पाऊस आला की हजारो डोक्यांवर एकदम उलगडतो तो. आम्ही बेळगावात रविवार पेठेत गेलो. दुकानदारानं विचारलं, "काय झाकायचं हाय? गंजी का ट्रॅक्टर?"

"मला," मी म्हणालो.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग 200 गेजचा बास."

भेंडोळं उलगडून त्यानं दोन बाय तीन मीटरचा तुकडा फाडला आणि तराजूत टाकला, कारण कागद वजनावर विकतात. 280 ग्रॅम. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यानं तिथंच मोबाइलवर भागाकार केला: चौरस मीटरमागं कागद आणि ते महागडं नायलॉन जवळजवळ सारखंच भरत होतं. फरक एवढाच, की नायलॉन काट्याकुट्यात लवकर फाटत नाही. पण ते भिजलं की ताण सोडून झोळीसारखं लोंबतं, आणि रात्री उठून दोऱ्या आवळायला लागतात. कागद फाटला तर पुढच्या गावात दुसरा घेता येतो.

गच्चीवर चाचणी झाली. कागदाला कड्या नसतात, दोरी बांधायची कुठं? भाचा गाठींचे व्हिडिओ शोधेपर्यंत आबांनी खाली वाकून हरभऱ्याएवढा खडा उचलला, कागदाच्या कोपऱ्यात ठेवला, वरून कागद मुरगळला आणि खड्याच्या मानेला सुतळी आवळली. ओढून बघितली. कोपरा फाटला नाही, सुतळी निसटली नाही. चारी कोपरे झाले, एक बाजू पाण्याच्या टाकीला, दुसरी कठड्याला. जांबोटीची बाजू खाली ठेवली. पाऊस आला, कोरडे राहिलो. चंदेरी चादर तेव्हा अंथरायला घेतली. तेवढं काम तिनं बरं केलं.

सगळं बांधून झालं आणि सांगोल्याहून साडूंचा फोन आला. "पाऊस? इकडं? अहो, तुमचा पाऊस घाटाजवळच संपतोय. मिरज सोडली की ऊन. डोक्यावर काहीतरी सावलीचं आणा."

भाचा लगेच छत्र्या शोधायला बसला. कार्बन फायबरच्या दांड्याची, दोनशे ग्रॅमची, परदेशी. आबांनी घरातून आपली लाकडी मुठीची काळी छत्री आणून काट्यावर आडवी ठेवली. काटा सातशेच्या वर गेला. भाच्यानं मान हलवली.

"दोन कामं पायजेत म्हणालास न्हवं?" आबा म्हणाले. "ही टेकायला होतीय, कुत्र्याला दाखवायला होतीय, आणि लईच ऊन झालं तर उघडती बी."