फ्रॉक पुरे, डबा आणा

भाचीच्या मुलीचं बारसं ऐन जुलैच्या झडीत झालं. पाहुणे गेल्यावर आम्ही दोघींनी पिशव्या उघडल्या. जाळीचे, झालरीचे, टिकल्यांचे मिळून चौदा फ्रॉक. पाच मऊ खेळणी, त्यातलं अस्वल बाळापेक्षा मोठं. बाटल्यांचे दोन सेट. पावडर-लोशनच्या तीन पेट्या. एक वॉकर. भाची गॅलरीतल्या दोरीवरचे लंगोट चाचपून आली आणि म्हणाली, "मावशी, फ्रॉक चौदा आहेत, पण रात्रीपुरतं कोरडं फडकं नाही."

आजचं सदर या एका वाक्यासाठी.

बारशाला जाताना आपण दुकानात शिरतो आणि काचेमागचं गोजिरं दिसेल ते उचलतो. फोटोत चांगलं दिसतं, पाहुण्यांत उठून दिसतं. बाळाला मात्र पहिल्या तीन महिन्यांत चारच गोष्टी हव्या असतात: ऊब, कोरडं अंग, आईचं दूध आणि सुरक्षित झोप. या चारही गोष्टी जिच्या हातून व्हायच्या, तिला पाचवी गोष्ट हवी असते: विसावा. तुमची भेट या पाचांतल्या एकीच्याही कामाची नसेल, तर त्या घरात तुम्ही अडगळ नेऊन ठेवलीत.

आधी कोरडेपणा. पहिला आठवडा सरला की पोटभर दूध मिळणारं बाळ दिवसरात्रीत निदान सहा वेळा तरी लंगोट ओला करतं. शी वेगळी. पावसाळ्यात धुतलेलं कापड वाळायला दोन दोन दिवस लागतात. गुणाकार करून बघा, दोन डझन सुती लंगोट कमीच पडतील. डायपर द्यायचे असतील तर खुशाल द्या, पण बाळाचं वजन विचारून योग्य मापाचे. दुपट्यांचंही तेच. जुन्या सुती साडीची, धुऊन धुऊन मऊ झालेली चार दुपटी दुकानातल्या नायलॉनच्या ब्लँकेटपेक्षा लाखपट बरी. बाळाला जुनेर वापरायची आपली रीत गरिबीतून आली असेल, पण नवजात कातडीला तीच मानवते. नवं कापड द्याल तर आधी धुऊन द्या.

मग ऊब. नवजात बाळाला आपल्यासारखं कुडकुडून अंग तापवता येत नाही, त्यामुळे ते पटकन गार पडतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्यांच्या पिशवीत वजनकाटा होता, थर्मामीटर होता, बाळाला गुंडाळायची ऊबदार झोळी होती. जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायलाही त्या शिकल्या. 1999 साली 'द लॅन्सेट'मध्ये त्या कामाचा अहवाल आला: ही सेवा नसलेल्या गावांच्या तुलनेत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी उतरलं होतं. आज आशाताई बाळाच्या घरी येतात, वजन आणि ताप बघतात, त्यामागे हेच काम आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडेही त्या 42 दिवसांत सहा वेळा येतात.

म्हणून डिजिटल थर्मामीटर ही बारशाची उत्तम भेट आहे. काखेत 36.5 ते 37.5 सेल्सिअस ठीक. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 किंवा त्याहून जास्त ताप आला, अंग गार लागलं, बाळ दूध ओढेनासं झालं किंवा मिनिटाला साठ आणि त्याहून जास्त श्वास घेऊ लागलं, तर घरगुती काढा नको, थेट डॉक्टर. ही चार लक्षणं कागदावर लिहून थर्मामीटरच्या डबीत घालून द्या.

झोपेचं सांगते. ते मोठं अस्वल पाळण्यात नको. मऊ खेळणी, उशा, लोड, जाड रजया, काहीच नको. बाळाच्या नाकातोंडावर ते आलं तर त्याला मान वळवून बाजूला होता येत नाही. पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर झोपवायचं. अस्वलाऐवजी छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी द्या. आपल्या गावाशहरांत डेंगी घरोघर पोचतो आणि त्याचा डास दिवसा चावतो. बाळही दिवसा बराच वेळ झोपतं.

आता बाटली. बारशाला बाटल्यांचा सेट नेऊ नका. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. आपल्याकडे 1992 सालचा कायदा आहे. दुधाची पावडर आणि दूध पाजायच्या बाटल्या यांची जाहिरात करायला, नमुने वाटायला, खपासाठी बाळंतिणींना भेटी द्यायला त्यानं कंपन्यांना मनाई केली आहे. जे करायची कंपनीला बंदी, ते आपण रंगीत कागदात गुंडाळून स्वतःच्या पैशानं करतो. काही आयांना अडचण येते, हे खरं. तेव्हा डॉक्टर आणि स्तनपानाची जाणकार बाई मदतीला लागते. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली दूधपेढी उभी केली, ती आईचं दूध न मिळणाऱ्या नाजूक बाळांसाठी. काढून ठेवलेलं आईचं दूध पाजायचं तर आपल्या आज्यांचं बोंडलं आहेच. ते उकळून स्वच्छ करणं सोपं, बाटलीच्या खाचाखोचा त्याला नाहीत. चांदीच द्यायची हौस असेल तर बोंडलं द्या.

काही वस्तू घेऊच नका. पावडर: ती उडते आणि श्वासात जाते. काजळ: त्यात शिसं असू शकतं, डोळ्याला बोट लागून संसर्ग होतो. मध: वर्षाच्या आत एक थेंबही नाही, त्यातल्या जंतूंचं विष बाळाच्या जिवावर बेततं. वॉकर: त्यानं चालणं लवकर येत नाही, पडून डोकी मात्र फुटतात. कॅनडानं 2004 सालीच त्याच्या विक्रीवर बंदी घातली. खुळखुळा घ्याल तर आयएसआयची खूण बघून घ्या. जानेवारी 2021 पासून खेळण्यांना ती सक्तीची आहे.

आणि फ्रॉक द्यायचाच असेल तर मोठ्या मापाचा द्या. नवजात मापाचा कपडा दोन-तीन महिन्यांत तोकडा होतो. जुलैतलं बाळ जानेवारीत सहा महिन्यांचं असेल, थंडी असेल. तेव्हा घालायचं पूर्ण बाह्यांचं, पुढून बंद लावायचं सुती झबलं आत्ता दिलंत तर ती माऊली जानेवारीत तुमची आठवण काढेल.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे बाळंतविडा नावाची फार शहाणी चाल होती. त्यात बाळासाठी टोपडं, कुंची, दुपटं असायचं, तसं बाळंतिणीसाठी लुगडं, सुकामेवा, डिंक, अळीवही असायचं. भेट दोघांची आहे, हे त्या चालीला माहीत होतं. आपण विड्यातलं बाळ ठेवलं आणि बाळंतीण गाळली. जिची जखम ओली आहे, जी दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा दूध पाजते, तिच्यासाठी त्या सगळ्या पिशव्यांत एक वस्तू नव्हती. उलट येईल त्याच्यासाठी चहा टाकायला ती उठत होती.

म्हणून डबा न्या. गरम भाकरी, मेथीची भाजी, मुगाचं वरण, अळीवाची खीर. बाळाच्या मोठ्या भावंडाला दोन तास बागेत फिरवून आणा. बाळाचे लंगोट तुमच्या ड्रायरमध्ये वाळवून द्या. एक दुपार बाळंतिणीला झोपू द्या आणि तेवढा वेळ बाळ मांडीवर घेऊन बसा. सर्दी असेल तर जाऊच नका. गेलात तर आधी साबणानं हात धुवा, बाळाचा मुका घेऊ नका आणि चहाला थांबू नका.

मी भाचीकडे दुसऱ्या दिवशी दोन डझन लंगोट आणि भाकरीचा डबा घेऊन गेले. लंगोट तिनं बाजूला ठेवले आणि आधी डबा उघडला. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

पुढचं बारसं येईल तेव्हा दुकानात शिरण्याआधी बाळंतिणीला फोन करा. "तुला काय हवंय?" असं विचारलंत तर ती संकोचानं "काही नको" म्हणेल. "घरात काय संपलंय?" असं विचारा. ती जे सांगेल, तेच घेऊन जा.