बोरांच्या गावातला बोअर

मोडनिंबात 'बोर' हा शब्द कानावर पडला की माणूस आधी महिना बघतो. थंडी असेल तर झाडाची बोरं. तेव्हा बाजारात त्यांचे ढीग लागतात. उन्हाळा असेल तर जमिनीतला बोअर. आणि समोरून मी येत असेन तर महिना कुठलाही चालतो, अर्थ तिसराच. हा तिसरा अर्थ गावात गेल्या दोन वर्षांत रूढ झाला. दोन वर्षांपूर्वी मी घरापुढं बोअर पाडला आणि तेव्हापासून भेटेल त्याला त्याची कथा सांगतो आहे. आज तुमची पाळी.

रिटायर झाल्यावर हायवेजवळ एक प्लॉट घेतला. तब्बल ११७ टीएमसीचं उजनी धरण आमच्याच माढा तालुक्यात, पण नळाच्या पाण्याचा वार ठरलेला आणि वेळ बेभरवशाची. ही म्हणाली, "आधी पाणी, मग पाया." चाळीस वर्षांच्या संसारात हिचं जे जे ऐकलं नाही ते ते महागात गेलं, म्हणून हे लगेच ऐकलं. तेही महागात गेलं.

पहिला सल्ला शेजारच्या तात्यांचा. "मास्तर, पाणाड्याबिगर एक फूटसुदिक पाडू नका." पाणाडे मामा आले. तळहातावर नारळ आडवा ठेवून प्लॉटभर अनवाणी फिरले. एका जागी नारळ ताडकन उभा राहिला. "हितं! नदी चाललीय खालनं." ती जागा नकाशात संडासाच्या टाकीची होती. मी तसं म्हटल्यावर मामा पुन्हा फिरले, नारळ पुन्हा उभा राहिला. या खेपेला स्वयंपाकघरात, ओट्याच्या बरोबर मध्यावर. तिसऱ्या खेपेला नारळाऐवजी कडुलिंबाची बेचकी निघाली. गावाच्या नावातच निंब असल्यामुळं माझा तिच्यावर जास्त विश्वास. बेचकी फाटकाजवळ वाकली. तेवढ्यात बोअरच्या गाडीचा एजंट म्हणाला, "हां, हितं गाडी वळती." पाणी कुठं आहे यापेक्षा गाडी कुठं वळते, यावर बोअरची जागा ठरते, हे पहिलं ज्ञान.

मामांची थट्टा मी करत नाही. त्यांचं घराणं मोठं आहे. वराहमिहिरानं सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त 'दकार्गल' नावाचं अख्खं प्रकरण लिहून ठेवलंय: कोणत्या झाडाजवळ कोणत्या बाजूला वारूळ असेल तर किती खोलीवर पाणी लागेल. माझ्या प्लॉटवर झाड नव्हतं. वारूळ होतं, ते मीच जेसीबीनं सपाट केलं होतं.

भूजल खात्यातून निवृत्त झालेले एक साहेब ओळखीचे होते. त्यांना मी जागा दाखवली, पण बोअर पाडून झाल्यावर. ते म्हणाले, "मास्तर, आपल्याकडं खाली नदी नसते, भेगा असतात." सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचा हा दख्खनचा काळा पाषाण. तो पाणी पीतही नाही, धरतही नाही. पाणी राहतं वरच्या मुरमात, झिजलेल्या खडकात, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत. भेग लागली तर पाणी, हुकली तर धूळ. शेजाऱ्याच्या बोअरला तीन इंची पाणी आणि आपला कोरडा, यात नशिबापेक्षा भेगेचा हात असतो. या भेगांचा अंदाज घेणारी यंत्रं असतात, शिकलेली माणसं असतात. आपण त्यांना नंतर बोलावतो.

गाडी रात्री साडेअकराला आली. बोअरच्या गाड्यांचं माहेर तमिळनाडूतलं तिरुचेंगोडे; आमच्या गाडीचीही नंबरप्लेट 'टीएन'ची. पोरं ओडिशाची, एजंट इथला, आणि पाणी कुणाच्याच हातातलं नाही. कॉम्प्रेसर सुरू झाला तशी आळीतली सगळी माणसं उठून आली. झोप मोडल्याची तक्रार कुणी केली नाही. बोअर आणि लग्न दोन्ही बघायला फुकट.

इथं मी हिचा जाहीर सत्कार करायला हवा. हिनं घरातून खडू आणला आणि प्रत्येक रॉड खाली गेला की कंपाउंडच्या भिंतीवर एक रेघ ओढायला लागली. एक रॉड वीस फुटांचा. दर फुटावर असतो, पाण्यावर नव्हे. कोरडा गेला तरी बिल ओलंच. थोड्या वेळानं पोरगा ओरडला, "आठ!" ही भिंतीकडं बोट दाखवून म्हणाली, "सात." दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण हिशेब सातावर मिटला. माझ्या तीस वर्षांच्या मास्तरकीत खडूचा इतका रोकडा उपयोग झाला नव्हता.

पहिले चाळीस फूट मुरूम. "केसिंग किती घालायचं?" एजंटनं विचारलं. केसिंगचा दर वेगळा असतो हे मला तेव्हाच कळलं. मी काटकसरीनं तीस फूट म्हणालो. ही म्हणाली, "मुरूम चाळीस आणि पाइप तीस, मग खालचे दहा फूट कोण धरणार, तुम्ही?" केसिंग पक्का पाषाण लागेपर्यंत जावं लागतं आणि त्यात घट्ट बसावं लागतं, नाहीतर पावसाळ्यात मुरूम ढासळतो आणि मोटर खाली कायमची मुक्कामाला राहते. दर ठरवताना केसिंग, गाडीभाडं, कमीत कमी किती फुटांचे पैसे आणि तीनशेच्या पुढं दर किती चढतो, हे सगळं कागदावर घ्यावं. मी फुटाचा दर तेवढा विचारला होता, तोही घासाघीस करून दोन रुपयांनी कमी केल्याच्या आनंदात.

मग राखाडी धूळ. सगळ्यांचे चेहरे चितेजवळून आल्यासारखे. १७० फुटांवर धुळीचा चिखल झाला आणि फसफसत पाणी वर आलं. अर्धा इंच. टाळ्या पडल्या, तात्यांनी नारळ फोडला (मामांचाच, हातावर उभा राहिलेला). पोरानं हातानं खूण करून विचारलं, बंद? आणि तिथं माझ्या अंगात आलं. "अजून एक रॉड." गर्दी म्हणाली, "मास्तर, आता न्हाय थांबायचं, खाली इंचावर हाय." जुगाराच्या फडावर मी कधी बसलो नाही, पण पत्ता टाकणाऱ्याचं तोंड कसं होतं ते मला त्या रात्री समजलं. दोनशे. अडीचशे. तीनशे झाले आणि दर चढला. पाणी होतं तेवढंच. पहाटे तात्या घरी जाऊन झोपले तेव्हा मी थांबलो. हिनं रेघा मोजल्या: एकवीस. एकवीस वीसे ४२०. हा आकडा कुणी माझ्यावर लादला नव्हता. मी स्वतःच्या हट्टानं तिथवर गेलो होतो.

मोटर मी आधीच आणून ठेवली होती, तीन एचपीची, दुकानात स्कीम होती म्हणून. ती ४०० फुटांवर सोडली. वीस-बावीस मिनिटं पाणी धो धो आलं, मग मोटर दम लागल्यासारखी नुसती हवा फेकायला लागली. साहेबांनी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. साडेसहा इंची भोकात फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. १७० पासून ४०० पर्यंत २३० फूट, म्हणजे दीड हजार लिटर. "अभिनंदन! जमिनीत उभी पुरलेली दीड हजार लिटरची टाकी बांधलीत. रात्रभर झिरपून भरते, सकाळी बावीस मिनिटांत संपते." आधी पाणी किती आणि किती वेळ येतं ते तपासायचं, मग मोटर घ्यायची. हे सगळ्यांना माहीत असतं, स्कीम नसेल तेव्हा.

कायद्याचंही साहेबांनीच सांगितलं. महाराष्ट्राचा भूजल अधिनियम २००९ चा, अंमल २०१४ पासून. ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांच्या आसपास, खोल विहीर शेतीला आणि उद्योगाला पाडायला मनाई. मी घरगुती म्हणून सुटलो. पण शिवारात पाचशे-सातशे फुटांच्या गप्पा पारावर उघड चालतात. आणि उघड्या बोअरचं वेगळंच. २००६ मध्ये हरियाणात कुरुक्षेत्राजवळ एक पोरगं साठ फूट खोल पडलं, सारा देश दोन दिवस टीव्हीपुढं बसला. ते वाचलं, पुढं बरीच वाचली नाहीत. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नियम घालून दिले: पंधरा दिवस आधी कळवा, बोअरभोवती कुंपण आणि सिमेंटचा ओटा करा, तोंडाला टोपण बसवा, सोडलेला बोअर बुजवा. मोटर आत सोडेपर्यंत आमच्या बोअरवर एक घमेलं पालथं होतं, त्यावर दगड. साहेबांनी ते बघून मला जे ऐकवलं, ते मी तीस वर्षांत कुठल्या विद्यार्थ्याला ऐकवलं नव्हतं. संध्याकाळच्या आत टोपण बसलं.

तसं बघायला गेलं तर सोलापूरकराला बोअरचं कौतुक असायला हक्क आहे. जगात सगळ्यात जास्त पसरलेला 'इंडिया मार्क टू' हापसा ज्या पंपावरून घडला, तो सोलापूरच्या एका स्वयंशिक्षित मिस्त्रीनं केलेला. सरकार आणि युनिसेफ यांनी तो नमुना पुढं नेला आणि १९७० च्या दशकात तयार झालेला हापसा आफ्रिकेपर्यंत गेला. पण हापशाची एक गंमत होती: हात दुखला की माणूस थांबायचा. मोटरचा हात दुखत नाही.

घर बांधून झाल्यावर साहेब पुन्हा आले. जाताना त्यांनी विचारलं, "छत किती फूट आहे?" म्हटलं, हजार. ते म्हणाले, "वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस धरा. चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. तुमच्या छतावर सेहेचाळीस हजार लिटर पडतं आणि गटारात जातं. तुमच्या त्या टाकीच्या तीसपट." आम्ही पन्हाळीला पाइप जोडला, बोअरशेजारी खड्डा घेतला, त्यात दगड, खडी, वाळूचे थर भरले. पहिल्या पावसाचं घाण पाणी बाहेर सोडलं, पुढचं आत. या उन्हाळ्यात मोटर बावीसऐवजी पस्तीस मिनिटं चालली. पाणी जड आहे, डाळ शिजत नाही. प्यायला घेण्याआधी प्रयोगशाळेत तपासून घेतलं, आणि पिण्याचं अजून नळाचंच आहे. संडासाची टाकी पन्नास फूट लांब नेली, मामांच्या नारळाच्या जागेवरून हलवून.

तर बोअर पाडायचा विचार असेल तर आधी छत मोजा, मग शिकलेल्या माणसाला जमीन दाखवा, शक्यतो मे महिन्यात पाडा, म्हणजे तेव्हा लागलेलं पाणी टिकायची आशा असते. पाणी लागल्यावर कितव्या रॉडला थांबायचं ते गर्दी जमायच्या आधी घरात ठरवा. आणि गाडी फाटकात वळायच्या आत बायकोच्या हातात खडू द्या.